श्वात्सचे गॉथिक चर्च: एका छपराखाली दोन चर्च

आपण विचारले आहे की, ऑक्टोबरमध्ये आई-वडिलांसह ऑस्ट्रियातील इन्सब्रुकला तीन दिवसांचा मुक्काम आहे, त्यातली एक सकाळ मोकळी आहे आणि कोणीतरी जवळच्या श्वात्स गावातले जुने गॉथिक चर्च पाहायला सुचवले आहे. गोव्यातली आणि इटलीतली चर्च पाहून झाल्यावर आणखी एक चर्च पाहण्यात अर्थ आहे का, आणि गेल्यास नेमके काय पाहायचे, हा आपला प्रश्न. मी 22 वर्षे मराठी प्रवाशांबरोबर आल्प्समध्ये हिंडतो आहे, आणि माझे उत्तर असे की जरूर जा, मात्र पूर्ण सकाळ द्या आणि त्याच सकाळी दुसरे काही उरकण्याचा बेत आखू नका. वाटेन्सचे क्रिस्टलचे प्रदर्शन त्याच रस्त्यावर असल्यामुळे बहुतेक जण दोन्ही एकत्र बसवतात. मग चर्चच्या वाट्याला पंधरा मिनिटे उरतात, आणि पंधरा मिनिटांत हे चर्च खरोखरच इतर कुठल्याही चर्चसारखे दिसते.

पहिली काही वर्षे मीही हीच चूक करत होतो. लोकांना आत सोडायचे, चार वाक्ये सांगायची आणि बसकडे परत न्यायचे. एकदा कोल्हापूरकडच्या एक आजी दारातून सरळ मधोमध चालत गेल्या, थांबल्या आणि मला म्हणाल्या, "अहो, गाभाऱ्यासमोर खांब कसा हो आला? देव दिसायचा कसा?" मी इतक्या वेळा तिथे गेलो होतो, पण हा प्रश्न माझ्या मनात कधी आला नव्हता. देवळात आपण सभामंडपाच्या मध्यावर उभे राहिलो की गाभारा समोर येतो, आणि बहुतेक चर्चमध्येही मधल्या वाटेच्या शेवटी वेदी असते. इथे मध्यावर उभे राहिले की समोर दगडी खांबांची एक रांग येते आणि वेदी दिसतच नाही. वेदी दिसायला डावीकडे तरी सरकावे लागते किंवा उजवीकडे, आणि दोन्हीकडे एकेक वेदी आहे. या वास्तूचे सारे वेगळेपण त्या आजींच्या प्रश्नाच्या उत्तरात आहे. म्हणून आत गेल्यावर आपणही आधी मध्यावर जाऊन उभे राहा, आणि मगच पुढचे पाहा.

उत्तर समजण्यासाठी गावाचा इतिहास थोडा सांगावा लागेल. श्वात्स हे इन नदीच्या खोऱ्यातले, इन्सब्रुकच्या पूर्वेला सुमारे 30 किलोमीटरवर असलेले गाव. पंधराव्या शतकात तेथील डोंगरांत चांदी आणि तांबे मोठ्या प्रमाणावर निघू लागले, आणि 1500 च्या सुमारास ते युरोपातील सर्वांत मोठ्या खाण-केंद्रांपैकी एक झाले. या चांदीच्या जोरावर टिरोलचा, म्हणजे आल्प्समधल्या या प्रांताचा, राज्यकर्ता आर्चड्यूक सिगिसमुंड याने शेजारच्या हॉल गावातील टांकसाळीत 1486 साली मोठे, जड चांदीचे नाणे पाडले. पुढे युरोपभर चाललेल्या थालर नाण्यांचे मूळ तेथे आहे, आणि डॉलर हा शब्द थालरवरूनच आला. जर्मनीतील आउग्सबुर्ग शहराच्या फुगर या सावकार घराण्याने टिरोलच्या राज्यकर्त्यांना कर्जे दिली आणि परतफेड म्हणून येथील चांदी उचलली. हेच फुगर 1505 साली पोर्तुगीज फ्रान्सिस्को द अल्मेदाच्या आरमाराबरोबर हिंदुस्थानाकडे निघालेल्या तीन व्यापारी जहाजांत पैसा गुंतवणाऱ्या जर्मन व्यापाऱ्यांमध्येही होते. आपल्या किनाऱ्यावरच्या मिरीचा व्यापार आणि या डोंगरातली चांदी एकाच घराण्याच्या हिशेबात होती, हे मला कळले तेव्हापासून श्वात्स मला परके वाटत नाही.

एवढ्या खाणी चालवायला दूरदूरहून हजारो माणसे आली. खाणकामगारांचे स्वतःचे कायदे होते, स्वतःचा न्यायाधीश होता, स्वतःची संघटना आणि स्वतःचा निधी होता. गावातले जुने रहिवासी, म्हणजे व्यापारी, कारागीर आणि घरमालक, हा दुसरा समाज. दोघांचे धर्मग्राम, म्हणजे एका चर्चखाली येणारा परिसर, एकच होते. सुमारे 1460 पासून बांधलेले चर्च एका पिढीतच अपुरे पडू लागले, म्हणून 1490 नंतर ते जवळजवळ दुप्पट रुंद करण्यात आले, आणि 1502 मध्ये विस्तारित वास्तूचा अभिषेक झाला. या कामाशी म्युनिकचा एरास्मुस ग्रासर याचे नाव जोडलेले आहे. म्युनिकच्या जुन्या नगरभवनासाठी 1480 मध्ये लाकडी नर्तक कोरणारा शिल्पकार तो हाच.

रुंदी वाढवताना मात्र दोन समाज एकमेकांत मिसळले नाहीत. चर्चला चार दालने झाली, मधली दोन मोठी आणि कडेची दोन अरुंद. मधल्या दोन दालनांच्या पूर्व टोकाला दोन स्वतंत्र वेदीस्थाने झाली. वेदीकडे तोंड करून उभे राहिले तर डावी, म्हणजे उत्तरेकडची बाजू नागरिकांची होती आणि उजवी, दक्षिणेकडची बाजू खाणकामगारांची. दोहोंच्या मध्ये, खांबांच्या त्या मधल्या रांगेपाशी, एके काळी लाकडी भिंत होती. पश्चिमेच्या दर्शनी बाजूलाही दोन मोठी प्रवेशद्वारे आहेत. त्यामुळे आत शिरण्यापूर्वी बाहेर थांबून दोन्ही दारे नीट पाहावीत, कारण ती केवळ सौंदर्यासाठी जोडीने केलेली नाहीत. खाणीतून आलेला माणूस एका दाराने आत जाई, आपल्या वेदीसमोर उभा राही आणि त्याच बाजूने बाहेर पडे, तर शेजारच्या दालनात त्याच देवाची प्रार्थना करणारा व्यापारी त्याला दिसतही नसे.

लाकडी भिंत आज नाही. पण ती नाहीशी झाल्यावरही वास्तूला एकच मध्य मिळाला नाही, आणि मला हे फार मोलाचे वाटते. भिंत काढता येते, खांब काढता येत नाहीत, कारण सगळे छत त्यांच्यावर उभे आहे.

आता खांबांकडे आणि छताकडे बघू. आपण गोव्यात पाहिलेली जुनी चर्च मुख्यतः नंतरच्या काळातली आहेत. सोनेरी मुलाम्याच्या वेदी, वळणदार खांब आणि चुन्याने रंगवलेल्या जाड भिंती ही त्यांची ओळख. गॉथिक वास्तू वेगळ्या विचाराने उभी राहते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या टोकदार कमानी आपल्या परिचयाच्या आहेत. ती एकोणिसाव्या शतकातली पुनरावृत्ती, आणि इथे आहे ते मूळ प्रकारातले बांधकाम. टोकदार कमान अर्धगोल कमानीपेक्षा भार अधिक सरळ खाली उतरवते. छतावरच्या दगडी फासळ्या तो भार वेचून खांबांकडे नेतात, त्यामुळे भिंतींवरचे ओझे कमी होते आणि त्यांत उंच खिडक्या काढता येतात. श्वात्सचे चर्च 'हॉल चर्च' या प्रकारचे आहे, म्हणजे त्याची सगळी दालने जवळपास सारख्याच उंचीची आहेत. मोठ्या फ्रेंच कथीड्रलमध्ये मधले दालन उंच आणि कडेची बुटकी असतात, आणि उजेड वरून मधल्या भागात पडतो. इथे उजेड कडेच्या खिडक्यांतून येतो आणि खांबांमधून आडवा पसरत आत जातो. टिरोलमध्ये या प्रकारचे एवढे मोठे दुसरे गॉथिक चर्च नाही.

आई-वडिलांना मागच्या बाजूच्या एखाद्या बाकावर बसवा आणि दहा मिनिटे काहीच सांगू नका. स्वच्छ दिवस असेल तर ऊन दक्षिणेच्या खिडक्यांतून आत येते, म्हणजे ते आधी खाणकामगारांच्या बाजूवर पडते. हे कोणी ठरवून केले असे मी म्हणणार नाही, कारण वेद्या पूर्वेला ठेवण्याची प्रथा आणि जमिनीचा आकार यांतूनही ते सहज घडू शकते. तरीही सबंध आठवडा डोंगराच्या पोटात, चरबीच्या दिव्याच्या उजेडात काम करणारी माणसे रविवारी या उन्हात उभी राहत असतील, हा विचार मला दर वेळी थांबवतो. संत अॅनाची वेदी शोधण्यासाठी चर्चमध्ये फिरावे लागले तरी फिरा, कारण मरियेची आई अॅना ही मध्य युरोपातल्या खाणकामगारांची आवडती संरक्षक होती, आणि तिची वेदी या चर्चमधल्या पाहण्यासारख्या गोष्टींपैकी एक आहे.

आतले सगळेच 1502 चे आहे असे मात्र समजू नका. अठराव्या शतकात, चांदीचे दिवस ओसरल्यावर, काळाच्या आवडीनुसार आतल्या भागाला बरोक, म्हणजे भरगच्च नक्षीच्या शैलीचे, वळण देण्यात आले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते बदलून पुन्हा गॉथिक रूप आणण्यात आले. त्यामुळे मुख्य वेदीसारख्या काही गोष्टी गॉथिक दिसत असल्या तरी वयाने तरुण आहेत. पुष्कळ मार्गदर्शक हे सांगत नाहीत, कारण ऐकणाऱ्याचा हिरमोड होईल असे त्यांना वाटते. मला ते सांगणे आवश्यक वाटते. आपल्याकडेही पेशवाईत जीर्णोद्धार झालेली यादवकालीन देवळे आपण पाहतो, आणि कोणता दगड कोणत्या काळातला हे कळल्यावर देऊळ कमी आवडत नाही, उलट ते अधिक नीट पाहिले जाते.

आत जवळून पाहण्यासारखी एक वस्तू निवडायची झाली तर मी हान्स ड्रायलिंगचे कांस्य स्मृतिशिल्प निवडेन. ड्रायलिंग हा धातू गाळण्याच्या व्यवसायातला धनिक होता. 1578 च्या या शिल्पाची रचना अलेक्झांडर कोलिन याची आणि ओतकाम हान्स क्रिस्टोफ ल्यॉफलर याचे आहे. इन्सब्रुकच्या होफकिर्खे या चर्चमध्ये सम्राट मॅक्सिमिलियनच्या रिकाम्या समाधीभोवती माणसापेक्षा मोठे 28 कांस्य पुतळे उभे आहेत. आपण ते पाहणारच असाल. त्या समाधीच्या बाजूंवरचे संगमरवरी देखावे बहुतांशी याच कोलिनने कोरले. म्हणून क्रम असा ठेवा की आधी होफकिर्खे आणि दुसऱ्या दिवशी श्वात्स. सम्राटासाठी राबलेला हात एका खाण-गावातल्या धातूवाल्यासाठीही राबला, आणि धातूवाल्याकडे तेवढी ऐपत होती, हे दोन्ही शिल्पे पाठोपाठ पाहिल्यावर मनावर ठसते. पाहताना वाकून, तिरक्या उजेडात पाहा. समोरून कांस्य काळे दिसते, तर बाजूने पाहिले की वस्त्रांच्या चुण्या उठून येतात. हात लावू नका. बोटांचा घाम कांस्यालाही खातो.

बाहेर आल्यावर लगेच निघू नका, मागे सरकून छप्पर पाहा. उतार फार तीव्र आहे, बर्फ साचून राहू नये म्हणून आल्प्समध्ये तो तसाच लागतो, आणि त्यावर सुमारे 15,000 तांब्याचे पत्रे बसवलेले आहेत. इन्सब्रुकच्या प्रसिद्ध सोनेरी छपरावर सोन्याचा मुलामा दिलेली 2,657 तांब्याची कौले आहेत, आणि त्याच्यासमोर फोटो काढायला रोज गर्दी उसळते. तो एका सज्जावरचा दिमाख आहे. इथे संपूर्ण चर्च तांब्याने झाकलेले आहे, आणि त्यासमोर बहुधा आपणच उभे असाल. हे तांबे आले कुठून, याचे उत्तर डोंगरात आहे. श्वात्सच्या खनिजात चांदी आणि तांबे एकत्र असते, आणि त्यात तांब्याचे प्रमाण चांदीच्या कितीतरी पट असते. चांदी वेगळी काढायची तर तांबे निघणारच. चांदी टांकसाळीत आणि सावकाराकडे गेली, आणि तांब्याचा एक वाटा गावाच्या डोक्यावर राहिला. आपल्या वडिलांना घरातली तांब्याची घागर आणि तिच्यावर चढणारा कळंक आठवत असेल. घरी तो चिंचेने घासून काढतात, इथे मात्र तोच थर खालच्या धातूचे रक्षण करतो, म्हणून तो कोणी काढत नाही.

चर्चच्या शेजारी दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे जुन्या दफनभूमीतली दोन छोटी प्रार्थनागृहे, एकावर एक बांधलेली, 1504 ते 1506 मधली. वरच्या मजल्याकडे जाणाऱ्या झाकलेल्या जिन्यापाशी जा आणि कठड्याकडे नीट पाहा. दगडात कोरलेले सरड्यांसारखे जीव तिथे आहेत. मोठ्यांच्या आधी लहान मुलांना ते दिसतात, असा माझा अनुभव आहे. मृत्यू आणि देहाचा नाश यांची ती आठवण आहे. दुसरी गोष्ट म्हणजे वेगळा उभा असलेला घंटेचा मनोरा. तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे, पण त्यातली 'मारिया मॅक्सिमिलियाना' ही मोठी घंटा 1503 मध्ये पेटर ल्यॉफलरने ओतलेली आहे. ड्रायलिंगचे शिल्प ओतणारा ल्यॉफलर याच घराण्यातला. तोफा आणि घंटा दोन्ही ओतणारे हे घराणे होते. घंटा ऐकायला मिळाली तर तिचा नाद विरेपर्यंत तिथेच थांबा.

आत कसे वागावे, हेही आपण विचारले आहे. हे संग्रहालय नाही, गावाचे चालते चर्च आहे, आणि वागण्याचे सगळे संकेत येथूनच सुरू होतात. मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, चालू असेल तर फिरू नये. मागच्या बाकावर शांत बसून ती पाहण्यास कोणी हरकत घेत नाही, मात्र मध्येच उठून जाऊ नये आणि ख्रिस्तप्रसाद घेण्यासाठी रांगेत उभे राहू नये, कारण तो कॅथलिक श्रद्धावंतांसाठी असतो. अंत्यविधी किंवा लग्न असेल तर आत न जाता नंतर यावे. म्हणून रविवारची सकाळ टाळा आणि इतर दिवशीही दाराजवळ लावलेले प्रार्थनांचे वेळापत्रक आधी वाचा. पुरुषांनी टोपी काढावी. पादत्राणे काढायची नसतात. आपल्या आई-वडिलांना हे विचित्र वाटेल, म्हणून आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते दारात चपला काढून गार दगडावर अनवाणी उभे राहतील. बाकांसमोरच्या खालच्या फळ्या गुडघे टेकण्यासाठी असतात, त्यांवर पाय ठेवू नयेत. वेदीच्या पायऱ्या चढू नयेत. फोटो फ्लॅशशिवाय काढावेत, आणि कोणी प्रार्थनेत बसलेले असेल तर त्यांच्या दिशेने मुळीच काढू नयेत. मेणबत्ती लावायची इच्छा असेल तर जरूर लावा. शेजारच्या पेटीत तिची किंमत टाकायची असते, म्हणून सुट्टी नाणी जवळ ठेवा.

ज्येष्ठांसाठी दोन-तीन गोष्टी. इन्सब्रुकहून श्वात्सपर्यंत लोकल रेल्वेने साधारण अर्धा तास लागतो आणि स्टेशनपासून चर्चपर्यंत सावकाश चालत जाता येते. दगडी वास्तू आतून बाहेरच्यापेक्षा गार असते. ऑक्टोबरमध्ये हा फरक चांगलाच जाणवतो, म्हणून आईंसाठी शाल हातातल्या पिशवीत असू द्या. चर्चमध्ये स्वच्छतागृह मिळेल असे गृहीत धरू नये. आधी गावातल्या एखाद्या कॅफेमध्ये चहा-कॉफी घ्या आणि मग चर्चकडे या.

वडिलांना अजून उत्साह असेल तर गावाच्या कडेलाच जुनी चांदीची खाण प्रवाशांसाठी खुली आहे. छोट्या रेल्वेगाडीतून 800 मीटर डोंगराच्या आत नेतात, आणि आत वर्षभर सुमारे 12 अंश तापमान असते. बंद जागेत ज्यांचा जीव घाबरतो किंवा ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे, त्यांना मी तिथे नेत नाही. जायचेच असेल तर क्रम उलटा करा, आधी खाण आणि नंतर चर्च. काळोख्या, ओल्या बोगद्यातून बाहेर येऊन त्या उजव्या दालनात बसलात की ते कोणासाठी बांधले होते हे वेगळे सांगावे लागणार नाही. घाईने आत-बाहेर करू नका. मध्यावरच्या खांबापाशी पुन्हा एकदा थांबा, आधी डाव्या वेदीकडे पाहा, मग उजव्या, आणि मधली लाकडी भिंत डोळ्यांसमोर उभी करून बघा.